सात मिलिमीटरचा घोर

मी रेडिओलॉजीत आहे, त्यामुळं पेशंटचं तोंड फारसं दिसत नाही, दिसतात ते सीटी स्कॅनमधले त्याचे स्लाइस, म्हणजे शरीराचे काप. पण त्या दिवशी सर्जन सरांनी एका बापलेकीला सरळ आमच्या रिपोर्टिंग रूमलाच धाडलं. अण्णा साठीचे, छातीतली महाधमनी फुगलेली. मागच्या वर्षीच्या सीटीत 4.6 सेंटिमीटर आणि आता दुसऱ्या एका सेंटरच्या रिपोर्टात 5.3. साधारण 5.5 ला ऑपरेशन करतात, पण वर्षात अर्धा सेंटिमीटर वाढली तर तेवढंही थांबत नाहीत. मुलीच्या पिशवीत दोन्ही सीडी आणि त्यांच्यासोबत सातबारा, अर्धा एकर विकायचं जवळजवळ ठरलेलं.

फिल्मवर पट्टी लावून मोजण्यात अर्थ नसतो म्हणून सीडीच घातल्या, जुनी काही केल्या उघडेना, शेवटी पुसून पुसून दुसऱ्या पीसीवर एकदाची चालली. 5.3 कुठं मोजलंय बघितलं तर साध्या आडव्या स्लाइसवर, धमनी कमानीकडं वळते बरोबर तिथं! आता गाजर तिरकं कापलं तर चकती लांबटच निघणार ना. नळी जशी वळते तसं कापाचं प्लेन फिरवून काटकोनात मोजलं तर 4.7, जुन्या स्कॅनमध्ये त्याच जागी तसंच मोजलं तर 4.6. एवढा फरक तर मीच दोनदा मोजलं तरी पडतो. त्यात दोन्ही स्कॅन ईसीजी गेटिंगशिवाय (म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी वेळ न जुळवता) केलेले, धडधडीनं धमनीच्या मुळाजवळची कड दुहेरी उमटलेली, नवख्याला तिथं डिसेक्शनच, म्हणजे धमनीची भिंत आतून चिरलेली दिसेल. (गेटिंगला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून टाळतात लोक, चीड येते.)

सरांना फोन लावला, ते स्वतः येऊन स्क्रीनवर बघून गेले. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप नेहमीसारखी तीन पाकळ्यांचीच होती, मार्फनसारखा धमनी कमकुवत करणारा आनुवंशिक आजार नव्हता, नाहीतर ऑपरेशनचा आकडा आणखी अलीकडं आला असता. ठरलं असं की ऑपरेशन आत्ता नाही, बीपीची गोळी चुकवायची नाही, सहा महिन्यांनी गेटिंग करून सीटी, तोही आमच्याच मशीनवर आणि त्याच जागी मोजायचा.

"म्हणजे वाढलंच नाही?" मुलीनं तीनदा विचारलं.

अण्णांचं वेगळंच. "मग पोतं उचललं तर चालंल की?"

"अजिबात नाही," मी म्हणलं.

"ऐकलंत?" लेक म्हणाली, "आता डॉक्टरच सांगायलेत."