सहा-आठवर टेकऑफ जमला: जागेचा आणि कोनाचा हिशोब

आज सर्फिंग करताना सहा-आठवर (माझ्या ६ फूट ८ इंचांच्या नव्या, आखूड सर्फबोर्डवर) न फुटलेली लाट पकडली आणि शेवटपर्यंत टिकवली. तिरका टेकऑफ (लाट पकडून बोर्डवर उभं राहणं), मग लाटेच्या भिंतीवरून, म्हणजे न फुटलेल्या उतारावरून, लांब रेघ, आणि खांदा (फुटणाऱ्या भागाशेजारचा सौम्य उतार) विरल्यावर आपणहून मागच्या बाजूने बाहेर. हा बोर्ड विकून टाकण्याबद्दल मागच्या नोंदीत जे लिहिलं होतं ते रद्द समजा.

आकडे विचारणाऱ्यांसाठी: जुना लाँगबोर्ड ९ फूट २ इंच, सुमारे ७१ लिटर. नवा ६ फूट ८ इंच, २१ इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, ४२ लिटर, राउंड टेल (मागचं टोक गोल), तळाशी तीन फिन (पाण्यात पकड देणारे पंख).

अडचण तुम्हाला माहीत आहे, मी तिच्याबद्दलच लिहीत आलेय. जरा मागे झोपलं की टेल पाण्यात ओढली जाते, बोर्ड नांगर टाकल्यासारखा जागीच अडतो आणि लाट खालून निघून जाते. दोन बोटं पुढे सरकलं की लाट मिळते, पण उभं राहायच्या आत नोज (पुढचं टोक) पाण्यात घुसतं. लाँगबोर्डवर झोपायच्या जागेला वीतभर सूट असते, इथे ती जवळपास नाहीच. म्हणून डेकवर (बोर्डाच्या वरच्या बाजूवर) हनुवटीच्या जागी वॅक्सची एक आडवी रेघ काढली. त्याने शरीर दर वेळी नेमकं एकाच ठिकाणी येऊ लागलं. ही युक्ती फुकट आहे आणि कुणालाही लगेच करता येईल, जरूर करा. लाटा मात्र सुटतच राहिल्या.

“पॅडलचा जोर वाढव” हा सल्ला लाइनअपमध्ये (लाटेची वाट बघत सगळे बसतात तिथे) प्रत्येक जण देतो. त्यावर घरी कागद-पेन्सिल घेऊन बसले. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे मीटरभराची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटेल, आणि तिथे तिचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर असेल. हातांनी पॅडल करून आपण जेमतेम दोन मीटरपर्यंत पोहोचतो. दंड कितीही कमावले तरी हे अंतर भरून निघणारं नाही. ते भरून काढतो लाटेचा उतार. लांब बोर्ड कमी वेगातही पाण्यावर घसरतो, त्याला हलका उतार पुरतो, म्हणून लाट नुसता फुगवटा असतानाच तो निघतो. आखूड बोर्डाला तीव्र उतार लागतो, आणि तो फक्त फुटण्याच्या जागेजवळ मिळतो.

मग लाँगबोर्डची बसायची जागा सोडली आणि किनाऱ्याच्या बाजूला, थेट पीकखाली (लाट सगळ्यात आधी फुटते त्या जागी) जाऊन बसू लागले. लाटा लगेच मिळायला लागल्या. आणि जवळपास प्रत्येक लाटेवर नोज बुडायला लागलं!

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. तीव्र उतारावरून सरळ खाली उतरलं की पायथ्याशी एकदम सपाट पाणी लागतं. तो मोड सामावून घ्यायला माझ्या बोर्डाच्या नोजचा रॉकर (वर वळलेला बाक) पुरत नाही. मागे सरकून झोपणं हा उपाय नव्हे, त्याने पुन्हा लाट सुटते. शेवटी उत्तर दिशेत सापडलं. लाट टेल उचलू लागली की नजर खांद्याकडे न्यायची आणि त्याच बाजूच्या रेलवर (बोर्डाच्या कडेवर) छातीचा किंचित दाब द्यायचा. बोर्ड तिरका निघतो. तिरक्या वाटेवर तोच उतार लांबट आणि सौम्य होतो, नोज पायथ्यात घुसत नाही, आणि उभं राहाल तेव्हा तुम्ही भिंतीवरच असता. शेवटच्या दोन स्ट्रोकला हनुवटी रेघेवर टेकवायची, बोर्ड सुटल्याचं जाणवताच छाती उचलायची. तळहात बरगड्यांशेजारी, डेकवर सपाट ठेवायचे. रेल पकडून उठलं तर बोर्ड एका अंगाला कलंडतो. गुडघा टेकून उठायला इथे वेळच नाही. दोन्ही पाय एकदम, मागचा थेट फिनांच्या वर.

हे सगळं जुळलं तेव्हा बोर्डाने जी उसळी घेतली ती लाँगबोर्डवर कधीच अनुभवली नव्हती. मागच्या टाचेवर नुसता भार दिला आणि बोर्ड भिंतीवर वर चढला, सोडला तर खाली आला. पाण्यातच मोठ्याने ओरडले. सपाट भाग आला की मात्र वेग मरतो, तिथे लाँगबोर्डची सर नाही. पॉकेटमध्येच (फुटणाऱ्या भागालगतच्या तीव्र उतारावर) राहायला शिकायचं आहे.

दुसरा छोटा विजय डक डाइव्हचा (बोर्ड बुडवून येणाऱ्या लाटेखालून पलीकडे जाण्याचा). बोर्ड पूर्ण बुडवायचा तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण एक किलो जोर लागतो. लाँगबोर्डच्या वेळी तो विषयच नव्हता, टर्टल रोलवाचून (बोर्डासकट उलटं होऊन लाट वरून जाऊ देण्यावाचून) गत्यंतर नव्हतं. ४२ लिटरही माझ्या वजनाला जास्तच आहेत, पण लहान फेसाखाली नोज आधी, मग गुडघ्याने टेल, असा तो आता जातो. मोठ्या फेसाला अजून टर्टल रोलच.

साहित्याबद्दल दोन शब्द. बोर्ड निवडायचे कॅल्क्युलेटर लिटर सांगतात, पण ते लिटर बोर्डात कुठे आहेत हे सांगत नाहीत. माझ्या मते छातीखालची जाडी एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाची. हा बोर्ड ईपीएस-इपॉक्सीचा (आत थर्मोकोलसारखा फोम, वर इपॉक्सी रेझिन) आहे. हलका आहे, तरंगतो छान, पण वारा सुटून पाणी खडबडीत झालं की पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या बोर्डापेक्षा जास्त थडथडतो. आणि ईपीएसवरचा डिंग (आपटून पडलेली खोक) भरताना पॉलिएस्टर रेझिन अजिबात वापरू नका, आतला फोम विरघळतो. एका दुरुस्तीवाल्याने मला तेच द्यायला घेतलं होतं, डबा वाचला म्हणून बोर्ड बचावला.

फिन बदलायचा विचार होता, तो सोडला. १९८० साली ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने बसवलेली तीन फिनांची रचना तीव्र लाटेवर पकड देते, आणि सध्या मला नेमकी पकडच हवी आहे. पुढचा बोर्ड म्हणून सहा फुटी परफॉर्मन्स शॉर्टबोर्ड ठरवला होता. आता मन फिश नावाच्या आकाराच्या बोर्डाकडे झुकतंय. स्टीव्ह लिसने १९६७ मध्ये घडवलेली मूळ फिश गुडघ्यांवर चालवायची होती: आखूड, रुंद, रॉकर जवळपास सपाट. लांबी कमी करूनही घसरण टिकवायची असेल तर हाच आकार योग्य वाटतो. पण सपाट रॉकर म्हणजे तिरका टेकऑफ आणखी पक्का हवा.

थांबा, हे लिहितानाच एक सुचलं. तरंगणारी वस्तू जितकी आखूड, तितका टेकऑफ उशिरा, हे खरं असेल तर सगळ्यात आखूड आपलं शरीर! बॉडीसर्फिंगमध्ये (बोर्डाशिवाय, अंगानेच लाटेवर घसरताना) लाट ढकलते ती जागा अंगालाच कळेल, आणि तिरकं निघाल्याशिवाय तिथेही भिंत मिळत नाही. तेव्हा फिशची खरेदी पुढे ढकलली. पुढच्या कंबरभर लाटांच्या दिवशी बोर्ड वाळूत ठेवून, पोहायचे आखूड फिन घालून पीकखाली जाणार, आणि ओहोटी लागली की त्याच जागी सहा-आठ घेऊन परत येणार.