शेपटाचं श्रेय किती, उन्हाचं किती?

मे महिना, जळगाव जिल्ह्याच्या यावल-फैजपूर पट्ट्यातला केळीच्या बागांमधला सरळ डांबरी रस्ता. रेलून चालवायच्या तीनचाकी सायकलला मागे निमुळतं शेपूट लावलं तर हवेचा रोध किती घटतो, हे मोजायचं होतं. पद्धत कोस्ट-डाऊनची: वेग ताशी 36 किमीवर न्यायचा, पायडल थांबवायचे आणि 18 वर येईस्तोवर सायकल सुटी सोडायची. जवळपास 400 मीटर लागतात.

रस्ता सपाट दिसतो, पण त्यावर विसंबू नये. हजार मीटरला एक मीटर उतार असला तरी चालकासह 100 किलोच्या सायकलवर एक न्यूटन बल येतं, आणि अशा सायकलला ताशी 30 वर हवेचा रोध असतो सहाच न्यूटनच्या आसपास. म्हणून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दर 20 मीटरला लेव्हल घेतली आणि प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी केली.

वारा मात्र जाण्या-येण्याच्या सरासरीत पुरता निघत नाही, कारण रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 30 ला, सेकंदाला 2 मीटर वाऱ्यात जवळपास 6 टक्के चूक उरतेच. बागांभोवतीची शेवरी वारा अडवते, पण कुंपणात खिंडार असेल तिथे बाजूने झोत बसतो. काठीला बांधलेला लोकरीचा धागा हलला की फेरी रद्द.

पहाटे शेपटाशिवाय मोजलं तेव्हा 28 अंश होते. शेपूट बसवेपर्यंत अकरा वाजले, पारा 40 वर. एकूण रोध इतका कमी आला की पोरं नाचायलाच लागली. मी शेपूट काढायला लावून लगेच पुन्हा मोजायला सांगितलं. निम्मा फायदा शेपटाविनाही तसाच होता!

28 वरून 40 अंशांवर हवेची घनता सुमारे 4 टक्के घटते. टायरचं रबर तापतं, आतला दाब चढतो, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक रस्त्यावर फिरताना होणारा रोध, तोही उतरतो. तो वेगळा काढायला ताशी 12 वरून 4 पर्यंतची संथ फेरी घ्यावी. तिथे हवेचा वाटा बराच कमी असतो. हवेच्या घनतेसाठी जागेवरचाच वातावरणाचा दाब घ्यावा. हवामानाच्या ॲपवरचा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. जळगावच्या दोनेकशे मीटर उंचीवर तो तसाच वापरला तर घनता दोन टक्क्यांहून जास्त फुगते.

आता क्रम ठरलेला आहे: शेपटाविना, शेपटासह, परत शेपटाविना. पहिला आणि तिसरा आकडा जुळले नाहीत तर मधला वहीत चढत नाही.