चौथी पिन

स्टेपलरच्या पिना संपल्या. टॅक्स ऑडिटच्या मुदतीला, 30 सप्टेंबरला, आठ दिवस उरलेले, समोर नाशिकच्या भद्रकालीतले एक जुने व्यापारी क्लायंट बसलेले, त्यांच्या हातात व्याजाच्या दाखल्यांचा गठ्ठा. आणि कॅनडा कॉर्नरच्या माझ्या ऑफिसात दुपारी तीन वाजता एकाही स्टेपलरमध्ये पिन नाही. माझ्या हाताखाली सीएची आर्टिकलशिप करणारा मुलगा खाली स्टेशनरीच्या दुकानात पळाला. तोवर मी सगळ्यात खालचा खण ओढला. तिथे पेढ्यांचं एक जुनं खोकं असतं. उघडलं, दोन सेफ्टी पिना काढल्या आणि कागद टोचून टाकले.

काकांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "मॅडम, फॉल-पिकोचं पण सुरू केलं का?"

"मॅरेथॉनच्या आहेत."

"असं असं," ते म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाईक जे सांगतं त्यावर फार प्रश्न विचारायचे नसतात, हे चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला कळतं.

ते गेल्यावर मी पिना मोजल्या. डोक्यावर पस्तीस ऑडिट असताना हे करायचं नसतं, म्हणूनच केलं. खोक्यात 56, काकांच्या कागदांना 2, एकूण 58. मी आजवर धावले पंधरा शर्यती. दर शर्यतीच्या पाकिटात छातीवर लावायच्या कागदी नंबरासोबत चार पिना येतात आणि मी एकही टाकत नाही. म्हणजे साठ हव्यात. पहिल्या शर्यतीत तीनच मिळाल्या होत्या, तेव्हा एकोणसाठ. एक कमी.

त्या पहिल्या शर्यतीबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपल्याच गावातली हाफ मॅरेथॉन, डिसेंबरची थंडी, पहाटे साडेपाचला दात वाजताहेत आणि पाकिटात तीन पिना. वरचे दोन कोपरे, खालचा एक. चौथा कोपरा मोकळा. म्हटलं, काय होतंय! पहिल्या किलोमीटरपासून तो कोपरा फडफडायला लागला. फड फड फड. पाचव्या किलोमीटरला वाटलं, मागून कोणी कबूतर घेऊन पळतंय. दहाव्याला मी तो हाताने धरून धावले, बाराव्याला हात दुखला म्हणून सोडला. शेवटी फाटलाच. तेव्हापासून माझं ठरलं आहे, तीन पिनांवर विश्वास ठेवायचा नाही. धावायला निघताना खोक्यातल्या जास्तीच्या चार पिना बॅगेत टाकते, आल्यावर परत खोक्यात. काही लोक नंबर वरून दोनच पिनांनी लटकवून येतात, दाराला तोरण लावल्यासारखा. त्यांच्या मागे मी धावत नाही, पुढे निघून जाते. जमलं तर. आता तर लोहचुंबकाची बटणं निघाली आहेत, टी-शर्टला भोक पडत नाही म्हणे. पडू दे की. माझ्या प्रत्येक टी-शर्टवर छातीशी आठ-आठ बारीक भोकं आहेत, आणि मुलीच्या मते माझं हे एकमेव भरतकाम.

आई मात्र अजून नंबराचा अर्थ लावते आहे. पहिल्यांदा मुंबईला जानेवारीत पूर्ण धावून आले, 42.195 किलोमीटर, पाय मांडीपासून लाकडाचे झालेले, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. पंचवटीत आईकडे गेले आणि पदक आणि कागदी नंबर तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून नंबर वाचला. पाच आकडी.

"एवढ्या लांब जाऊन एवढा खालचा नंबर?"

तो नंबर धावायच्या आधीच देतात, हे तिला दर वर्षी सांगते. दर वर्षी ती म्हणते, "आधीच ठरलेलं असतं तर मग पळायचं कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कशाला, हे मला कोणी विचारलं की मी पेस, हार्ट रेट असलं काहीतरी बोलते आणि समोरचा कंटाळून गप्प बसतो. खरं कारण एवढंच आहे की पहाटे साडेचार ते सात या वेळात जीएसटीचा फोन कोणी करत नाही. गंगापूर नाक्यावरून आनंदवल्ली, तिथून सोमेश्वर, पावसाळा असेल तर धबधब्याचा आवाज येईपर्यंत, आणि मग परत. एकदा सोमेश्वरच्या चढावर मला एका नोटिशीचं उत्तर सापडलं होतं, तीन आठवडे टेबलाशी बसून न सापडलेलं. घरी पोचेपर्यंत विसरले. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे सोळा आठवड्यांची तयारी सुरू होते ती सप्टेंबरअखेर, ऐन ऑडिटच्या तोंडावर. हे वेळापत्रक ज्याने ठरवलं त्याच्या घरात कोणी सीए नसणार.

तर पिना. सेफ्टी पिन शोधली ती न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या माणसाने, 1849 साली. त्याच्यावर 15 डॉलरचं कर्ज होतं. ते फेडायला त्याने तारेचा तुकडा वाकवत वाकवत ही वस्तू केली, पेटंट घेतलं आणि 400 डॉलरला विकून मोकळा झाला. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर हळहळ वाटत राहिली. रॉयल्टी मागायला नको? एका धाग्याएवढा हिस्सा ठेवला असता तरी नातवंडं बसून खाल्ली असती. पण सावकार दारात उभा असेल तर माणूस रॉयल्टीचा विचार करत नाही, हेही रोज बघतेच आहे.

आईच्या डाव्या हातातल्या बांगडीत पिना नसलेला दिवस मला आठवत नाही. चार, पाच, कधी सात. रस्त्यात पडलेली पिन ती उचलायचीच, नाणं दिसलं तर एक वेळ विचार करेल. चपलेचा अंगठा तुटला, दप्तराचा पट्टा निसटला, परकराची नाडी आत गेली, की हात पुढे करायचा आणि बांगडीतून एक सोडवायची. आम्ही तेव्हा सातपूर कॉलनीत राहायचो, वडील कारखान्यात फर्स्ट शिफ्टला. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. त्र्यंबकच्या जादा गाड्या आमच्या घराजवळून जायच्या, पण थांबायच्या नाहीत, दाराला माणसं लोंबकळत असायची. म्हणून आम्ही आधी उलटं शहरात सीबीएसला, मोठ्या बस स्टँडवर जायचो, रांगेत उभं राहून जागा मिळवायचो आणि तासाभराने आपल्याच घरासमोरून ऐटीत पुढे जायचो. मी खिडकीतून आमचं दार शोधायचे.

कुशावर्तावर अंघोळ, आणि रात्रीच चालायला सुरुवात. अनवाणी. लुगडी, साड्या गुडघ्याच्या खाली आल्या तर चिखल ओढतात, म्हणून सगळ्या बायका वर खोचून घ्यायच्या, आणि खोचलेलं चालून चालून सुटायचं. मग अंधारात हाक यायची, "ताई, पिन आहे का हो?" आईकडे असायचीच. प्रयागतीर्थाशी एक गेली, पुढच्या चढावर दोन. बॅटरीच्या उजेडात आईचा हात दिसायचा, बांगड्यांवर पावसाचं पाणी, आणि पिनांचा घोस कमी कमी होत चाललेला. मला ते मुळीच आवडायचं नाही. परत कोण देणार? "देतील, नाहीतर नाही देणार," आई म्हणायची. पुढे कुठेतरी माझ्या टाचेत काटा गेला. आईने मला दगडावर बसवलं, शेजारच्या बाईकडून काडेपेटी घेतली, पिनेचं टोक ज्योतीत धरलं आणि फुंकर मारली. त्या ओल्या काड्या पेटेनात, चार वाया गेल्या. काटा निघाला तेव्हा मी रडत नव्हते, मी त्या पिनेकडे बघत होते. आईची ती शेवटची होती, आणि ती तिच्या पदराची होती.

ती फेरी साधारण वीस किलोमीटरची. म्हणजे जवळपास हाफ मॅरेथॉन, उपवासाच्या पोटी, अनवाणी, पावसात. हे मला पस्तिसाव्या वर्षी पहिलं बूट घेताना लक्षात आलं आणि मी फार भारावून आईला फोन केला. आई हसली. "अगं, आम्ही काय पळत होतो? गप्पा मारत मारत जायचो. आणि दुसऱ्या वर्षी तर वाटेतल्या पहिने गावाहून जीपने परत आलो नव्हतो का आपण? तूच रडत होतीस." मला जीप अजिबात आठवत नाही. माझ्या आठवणीत आम्ही दर वर्षी फेरी पूर्ण केली आहे.

2010 साली आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझपदक मिळवलं. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. मी तेव्हा बसपर्यंतही धावत नव्हते. ती शर्यत आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिली. मी टाळ्या वाजवत होते आणि आई टीव्हीला नाक लावून कविताच्या छातीवरच्या नंबराकडे बघत होती. "शिवलाय का गं हा? पिना दिसत नाहीत."

शर्यतीच्या पिना लवकर गंजतात. घामाचं मीठ. खोक्यातल्या जुन्या पिना तपकिरी झाल्या आहेत, उघडताना कुरकुरतात. गेल्या रविवारी लाँग रन झाल्यावर ग्रुपसोबत मिसळ खाल्ली (दोन तासांत जाळलेलं पंधरा मिनिटांत परत, दही-पापडासकट) आणि तशीच आईकडे गेले. तिचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, पाणी दिलं, बॅगेतली पिनांची पिशवी मीच काढून ठेवली होती ती बाजूला सरकवली. तेवढ्यात फोन आला म्हणून मी गॅलरीत गेले. आले तेव्हा पिशवी होती तिथेच होती. आईच्या बांगडीत पाच पिना होत्या. आधी किती होत्या, हे मी कधी मोजलंय?

नव्या पिना सगळ्या सारख्याच दिसतात. तरी विचारता आलं असतं.

मुलगा स्टेपलरच्या पिनांचा डबा घेऊन वर आला. मी खोकं बंद करून खणात टाकलं आणि पुढची फाईल ओढली. आमच्यात जी रक्कम जुळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकायची पद्धत आहे. टाकली. 30 तारखेनंतर बघू.