पिंग १०० च्या वर, तरी एस लागला: बीजीएमआय या मोबाइल शूटिंग गेमचा या सीझनचा अपडेट

तर भाऊ लोकहो, क्राऊन रँकमध्ये कधीचा अडकून होतो, शेवटी त्याच्या वरचा एस लागला. फोन तोच जुना. वायफायचं तर नावच नका काढू, यवतमाळ जिल्ह्यातलं आडवळणाचं गाव आमचं, पिंग (सिग्नल सर्व्हरवर जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदात) दिवसा १०० च्या खाली उतरत नाही अन् रात्री जेवणं झाल्यावर सप्पा गाव रील पाहत बसलं की मंग विचारूच नका. माझा एम, म्हणजे नेम, सुधारला असंही काही नाही. बदललं ते एकच, अँगल धरून, म्हणजे एकाच जागी नेम लावून बसणं सोडलं.

सगळे सांगतात नेट स्लो आहे तर कोपऱ्यात बस, जो येईन त्याले ठोक. पण गणित पाहा ना. समोरचा भिंतीआडून निघाला की त्याच्या स्क्रीनवर आपण लगेच दिसतो, कारण आपण हललोच नाही, आपली जागा त्याच्या फोनले आधीच माहीत आहे. तो निघाला ही खबर मात्र आधी सर्व्हरवर जाते मंग आपल्याकडे येते, अन् त्यावर माणसाचं रिॲक्शन साधारण २०० मिलिसेकंद ते वेगळंच. एम४१६ बंदूक सेकंदाले अकरा-बारा गोळ्या सोडते, म्हणजे १०० मिलिसेकंदाचा उशीर झाला की त्याची एक गोळी फुकटात आपल्या डोक्यात. याले पीकर्स ॲडव्हांटेज, म्हणजे डोकावणाऱ्याचा फायदा म्हणतात अन् तो निघणाऱ्याले भेटते, बसणाऱ्याले नाही. म्हणून आता मीच निघतो, दोन-चार गोळ्या, परत आत, अन् पुढच्या खेपेले दुसऱ्या बाजूनं, कारण त्याच जागेवरून परत डोकं काढलं की समोरचा तिथंच क्रॉसहेअर (नेमाची खूण) ठेवून बसला असते.

दुसरं, भिंतीले चिकटू नका. कोपऱ्यापासून जो लांब उभा त्याले समोरच्याचा खांदा आधी दिसते, जो चिकटला त्याचं अंग आधी बाहेर पडते. खोटं वाटत असन तर घरच्या दारात लहान भावाले उभं करून पाहा. एफपीपीत, म्हणजे गेममधल्या आपल्या माणसाच्या डोळ्यातून दिसते त्या मोडमध्ये, हे चोख चालते. टीपीपीत, म्हणजे आपला माणूस पाठीमागून दिसते तिथं, कॅमेरा उजव्या खांद्यावरून असते म्हणून तिथं झाड-दगड आपल्या डाव्या हाताले ठेवायचा, उजवीकडून अंग न काढताच पलीकडचं दिसते. मी हे सगळं टीडीएमच्या (टीमविरुद्ध टीमची छोटी मॅच) वेअरहाऊस मॅपमध्ये घोटलं, ४० किलची मॅच पटकन संपते, हरलो तरी रँक जात नाही.

स्मोक, म्हणजे धुराचा गोळा, आपले पोट्टे नेहमी स्वतःच्या पायाशी फोडतात. रिव्हाइव्हले (पडलेल्या साथीदाराले उठवाले) ठीक आहे, पण रस्ता ओलांडायचा असन तर मारणाऱ्याच्या तोंडासमोर फोडा, त्याचा सप्पा नजारा बंद होते. अन् जवळच्या फाइटमध्ये मॅगझिन संपली तर रीलोड कायले करता, दुसरी गन काढा, ते लवकर होते.

कॉलआऊटवरून, म्हणजे एनिमी होकायंत्राच्या किती डिग्रीवर आहे हे ओरडून सांगण्यावरून, आमच्या स्क्वाडमध्ये रोज भांडण, "२१५ वर आहे बे!" "अबे कुठं २१५, मले तर झाड दिसून रायलं!" दूरच्या एनिमीले डिग्री चालते, पण जवळच्याची डिग्री ज्याच्या-त्याच्या जागेवरून वेगळी येते, म्हणून आता पन्नास-साठ मीटरच्या आत घर-झाड-गाडी सांगायचं असा नियमच केला.

ब्लूटूथ इअरफोन काढून वायरवाला साधा घेतला. ब्लूटूथमध्ये पावलाचा आवाज उशिरा येते, अन् आपल्याकडं आधीच पिंगचा उशीर आहे, त्यात अजून कायले भर.

बाकी उन्हाळ्याचं काही करता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा, टिनाखाली बसून खेळलं की फोन तापून स्वतःच प्रोसेसरचा स्पीड कमी करते अन् नेमकी फाइटमध्ये फ्रेम पडते, चित्र अडकते. कव्हर काढून ठेवा, चार्जिंगले लावून खेळू नका, ग्राफिक्स स्मूथ ठेवून फक्त फ्रेम रेट वर न्या. मी तर रँक पुश पहाटेच करतो, बाबा वावरात निघायच्या आत, फोनही थंड अन् टॉवरही मोकळा.

आता जायरोवर (फोन हलवून नेम धरायचं सेटिंग) फोर एक्स स्कोपचा स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, बसवून रायलो, एकेएम बंदूक अजूनही वर पळते. जुन्या फोनवर कोणाची जायरो सेन्सिटिव्हिटी बसली असन तर आकडे टाका.