मला वारीत रडू आलं नाही

वारीला जाऊन आलेल्या प्रत्येकाने मला हेच सांगितलं होतं: रिंगणात रडू येतं, आवरत नाही. त्यामुळे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले तेव्हा मी जवळजवळ रडायच्या तयारीनेच निघाले होते. एका मैत्रिणीच्या मामांची दिंडी होती. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरली, ताट-वाटी आणि पांघरूण पिशवीत घातलं आणि विण्याच्या मागे तुळशीवाल्या बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले.

दिवेघाटाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात सांगते. पुण्याहून सासवड हा वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, त्यात एकादशी. पोटात राजगिऱ्याचे लाडू आणि केळी, वर चढ. घाटात वारकऱ्यांइतकेच फोटो काढणारे असतात. कॅमेरा समोर आला की माझे हात आपोआप जोडले जायचे आणि चेहरा भाविक व्हायचा. पुढे चालणाऱ्या परभणीकडच्या आजींचा चेहरा मात्र चढाचा होता. घाम, धाप आणि तोंडात सुपारी. एका पोराने त्यांच्यासमोर फोन धरून ‘माउली, जरा हसा’ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “हसू वर गेल्यावर. आत्ता सरक बाजूला.”

या आजींची आणि माझी पथारी शेजारी लागायची, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त सांगणार आहे. राहुटीत जागा वीतभर. रात्री कोणाचा पाय कोणाच्या डोक्याला लागेल याचा नेम नाही. वारीत भांडणं होत नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहाटे तीनला टँकरपाशी आंघोळीला जाऊन बघा. एवढंच, की भांडणातही ‘ओ माउली, बादली काढा की!’ असंच म्हणतात आणि त्या संबोधनापुढे आवाज फार चढवता येत नाही.

लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या, मधून वाट मोकळी. आधी स्वाराचा अश्व आणि त्याच्या मागे माउलींचा, पाठीवर कोणी नसलेला. टाळांचा गजर एवढा, की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. घोडे आले, गेले. बायका वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागल्या. आजूबाजूला खरंच कितीतरी जणी रडत होत्या. मी वाट बघितली, डोळे मिटून बघितले. डोळ्यांत धुळीशिवाय काही नव्हतं.

आजींनी माझ्याही कपाळाला माती लावली. मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, “आजी, मला काहीच झालं नाही.”

“काय व्हायचं व्हतं?”

“म्हणजे, रडू वगैरे.”

“मला तरी कुठं दरसाल येतंय? यंदा माझं सगळं ध्यान पायाकडं. म्हटलं, घोडं पायावर पडलं म्हंजी पंढरपूर राहिलं.”

आणि तोंडातली सुपारी सारून त्या पुढे निघाल्या. माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं त्या दोन वाक्यांत उतरलं, ते त्यांना कळलंही नसेल.

त्याच संध्याकाळी तरडगावच्या तळावर मी समाजआरती पहिल्यांदा नीट बघितली. तोवर मी तिला रोजची एक आरती समजत होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती बघायची असेल तर रिंगणापेक्षा इथे यावं, असं माझं मत. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा जमाव एकदम गप्प होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कोणाचं पाकीट, कोणाचा चष्मा. उद्या पालखी किती वाजता निघणार तेही सांगतात.

पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी गप्प बसत नाही. सगळे थांबले तरी तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, काय झालं ते विचारतात, तक्रार ऐकली जाते आणि मगच ते टाळ थांबतात. त्या दिवशी डाव्या बाजूला असे टाळ वाजत राहिले. पाण्यावरून काहीतरी होतं, नीट ऐकू आलं नाही. तोवर माउलींची आरती थांबलेली. देवाला थांबवून पाण्याचं बोलणं चाललंय आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाहीये. मला हे विलक्षण वाटलं. आमच्या ऑफिसात आणि खरं तर घरीसुद्धा, ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणण्यात माझी हयात चाललीय. मनात टाळ वाजत असतात आणि तोंडाने मी आरतीत सामील. इथे नाराज माणसाने नाराज दिसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, असा नेमच आहे.

रात्री लसूण सोलता सोलता आजींना विचारलं, दरवर्षी का येता? मला वाटलं पांडुरंगाचं काही सांगतील. “घरी समदं मीच करते, बाई. हितं आयतं ताट पुढं येतं. सुनेचं तोंड बघावं लागत न्हाई. आन चालायला मला आवडतंय.” मग थोडं थांबून, “त्याला ठावंच हाय की. लपवू कुणापासून?” त्या जोरात हसल्या. शेजारच्या दोघी-तिघीही हसल्या, कारण त्यांचंही थोडंफार तेच होतं. याच आजी पहाटे काकड्याला सगळ्यांच्या आधी उठून बसायच्या. त्यांना या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येताना दिसत नव्हत्या.

फलटणनंतर मी फोनवर पावलं मोजणं सोडलं. त्यात काही निर्धार वगैरे नव्हता. तळावर चार्जिंगच्या बोर्डाभोवती पोळ्यावर माश्या बसाव्यात तसे फोन लटकलेले असायचे आणि त्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला, इतकंच. पण त्याचा परिणाम झाला. तोवर मी बरडला असताना नातेपुत्याचा विचार करायचे आणि नातेपुत्यात माळशिरसचा. वारीत ‘अजून किती राहिलं?’ विचारलं की ‘आलंच की, ह्ये काय पुढं’ असंच उत्तर येतं, मग अंतर दोन कोस असो की चार. आधी त्याचा राग यायचा, मग मी विचारणंच सोडलं. पायाला फोड आला होता. आजींनी त्यातून सुईने दोरा ओवून पाणी काढलं, आणि त्यानंतरचा दिवसभर मला त्या पायाशिवाय दुसरं काही सुचलं नाही. पाऊल कसं टाकायचं, खडी कुठे आहे, डांबर कुठे तापलंय. रस्त्याकडेला कोणी फुकट चपला शिवून देत होतं, कोणी पायांना तेल चोळत होतं. संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात घरचं, पगाराचं, कोण काय बोललं होतं याचं एकदाही मनात आलं नव्हतं. त्याला भक्ती म्हणत असतील तर म्हणोत. मी पायाकडे बघत होते.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तिथल्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळे धावतात. मी फोडासकट धावले. आजी पदर खोचून माझ्यापुढे. खाली पोचल्यावर दोघींना हसू आवरेना. रडण्याचा विषय तोवर मी विसरूनही गेले होते.

वाखरीहून पंढरपुरात शिरलो तेव्हा दर्शनबारी कुठवर गेली होती ते विचारू नका. आजींनी चंद्रभागेत बुडी मारली, लांबून कळसाला हात जोडले आणि ‘झालं’ म्हणाल्या. मला विठोबाला बघायचंच होतं, म्हणून मी मुखदर्शनाच्या रांगेत लागले. ‘तू हो पुढं,’ म्हणाल्या, ‘मी तवर चुरमुरं आन बुक्का घेती. आन येताना त्या कंडक्टरला इचार, परभणीची गाडी कवा हाय. पाऊस झालाय म्हनं तिकडं, पेरणी राहिलीय.’ मी गाडीची वेळ विचारून आले. संध्याकाळी सहाची होती. आजी म्हणाल्या, खिडकीची जागा मिळाली तर बरं.