प्लेटमधलं वलय आणि माळाचं रान

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय ठरवताना मॅडम म्हणाल्या, "घरी ऊस आहे ना तुमच्या? मग पीएसबी घे." पीएसबी म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. लागणीच्या वेळी आपण डीएपी या स्फुरदयुक्त खताची पोती ओततो, पण त्यातला जेमतेम १५ ते २० टक्के स्फुरद पहिल्या पिकाच्या हाती लागतो. बाकीचा मातीतच अडकून बसतो. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्याला कॅल्शियम धरून ठेवतं, तांबड्या आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम. हे जिवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक, ऑक्झॅलिक अशी आम्लं सोडून तो मोकळा करतात.

कोल्हापूर जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेच्या जमिनी आहेत. शिरोळ तालुक्यात आत्याचं काळं रान आणि राधानगरीकडं आमचं माळाचं तांबडं. दोन्हीकडचे नमुने घ्यायचे ठरवलं. नमुना म्हणजे नुसती खोरंभर माती नव्हे. उसाचं बेट मुळासकट काढायचं, झटकायचं, आणि झटकूनही मुळांना जी चिकटून राहते तेवढीच माती पिशवीत भरायची. मुळं साखर पाझरतात, म्हणून जिवाणूंची खरी गर्दी तिथं. आत्याला हे काही पटेना. "चांगला ऊस कशाला उपटतीस गं? ते बांधाकडचं खुरटलेलं ने की," म्हणाली. मला नेमकं तजेलदार बेटच हवं होतं. फुपा मध्ये पडले म्हणून मिळालं.

पुढचं काम लॅबमध्ये. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, मग त्यातलं थोडं पुढच्या नळीत, त्यातलं त्याच्या पुढच्या, असं पातळ करत जायचं आणि प्लेटमधल्या माध्यमावर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यावर, पसरायचं. माध्यम पिकोव्हस्कायाचं. या सोव्हिएत संशोधिकेनं १९४८ साली दिलेली कृती आजही आमच्या लॅबमध्ये जवळपास तशीच चालते. लिटरमागं १० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, थोडे क्षार, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि घट्ट व्हायला अगर-अगर. फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं माध्यम दुधासारखं पांढरं दिसतं. जिवाणूनं आम्ल सोडलं की त्याच्याभोवतीचं पांढरं नाहीसं होऊन काचेसारखं स्वच्छ वलय पडतं.

वाचायला सोपं आहे. करताना ते फॉस्फेट फ्लास्कच्या तळाशी जाऊन बसतं. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबावर निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, फ्लास्क काढला की हाताला सोसेल इतपत निववायचा आणि एकसारखा गोल फिरवत ओतायचा. फार जोरात फिरवला तर फेस येतो आणि प्लेटवर बुडबुडे राहतात. हळू फिरवला तर पहिल्या प्लेटा पारदर्शक आणि शेवटच्या चुन्यासारख्या, मग वलय कशात बघणार? लॅबमधले मामा हे काम वर्षानुवर्षं बघत आलेले. त्यांनी फ्लास्क माझ्या हातातून घेतला, मनगटातून दोन वेढे दिले, एक प्लेट ओतली, पुन्हा दोन वेढे. तेवढं बघून जमलं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

२८ ते ३० अंशांवर प्लेटा ठेवल्या. सगळ्यात आधी काळी बुरशी उगवली, ॲस्परजिलस. स्फुरद तीही विरघळवते, आणि झकास विरघळवते, पण तिच्या पसाऱ्याखाली जिवाणू दिसेनासे झाले. बुरशीला रोखणारं औषध माध्यमात घालून परत प्लेटा केल्या, तेव्हा कुठं वलयं दिसली. आत्याच्या काळ्या मातीतून भरपूर, आमच्या मातीतून थोडी. मोठी वलयं दिसली की माणूस हुरळतोच. मॅडम म्हणाल्या, "आधी पाच-सहा वेळा पुन्हा वाढवून बघ." बरोबरच होतं. बरेचसे जिवाणू प्लेटवरून प्लेटवर नेताना ही करामत विसरून जातात. दोन-तीन फेऱ्यांतच निम्मे गळले.

खरा प्रश्न पुढं आला. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे कॅल्शियमनं धरलेला स्फुरद, शिरोळच्या काळ्या रानातली परिस्थिती. आमच्या माळावर तो लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या मुठीत आहे, आणि जमीन आधीच आम्ल. तिथं नुसतं आंबट करून भागत नाही. सायट्रिक, ऑक्झॅलिकसारखं लोहाला स्वतःच धरून बसणारं आम्ल लागतं. म्हणून उरलेले जिवाणू लोह फॉस्फेट आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट घातलेल्या द्रवात वाढवले. मॉलिब्डेट हे रसायन घालून निळा रंग किती चढतो ते मोजायचं. रंग गडद तेवढा मोकळा झालेला स्फुरद जास्त. कॅल्शियमच्या नळ्या शाईसारख्या निळ्या. लोहाच्या बहुतेक नळ्या फिकट, जेमतेम आभाळी. प्लेटवर सगळ्यात मोठं वलय पाडणारा इथं साफ आपटला, आणि ज्याच्याकडं मी ढुंकूनही बघितलं नव्हतं तो आमच्याच मातीतला एक जरा बरा निघाला. नुसतं वलय बघून जिवाणू निवडण्याच्या पद्धतीवरचा माझा विश्वास तिथं उडाला.

आबांना यातलं एकच हवं होतं. "औंदा डीएपी किती कमी करायचा तेवढं सांग." लॅबमधला जिवाणू तसाच रानात सोडता येत नाही, आधी त्याची ओळख पटवावी लागते, तो घातक नाही हे बघावं लागतं. म्हणून बाजारातलं पीएसबीचं पाकीट आणलं. सवयीनं आधी प्लेटवर टाकलं. नियमाप्रमाणं ग्रॅममागं ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. त्या पाकिटात त्याच्या आसपासही नव्हते. तारीख उलटलेली नव्हती, पण दुकानात ते तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेलं होतं. दुसरीकडून ताजं मिळवलं.

बेणेप्रक्रियेची शिफारस ठरलेली आहे: १०० लिटर पाण्यात हेक्टरी सव्वा किलो पीएसबी आणि १० किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारे जिवाणू), त्यात लागणीच्या टिपऱ्या, म्हणजे उसाचे तुकडे, अर्धा तास बुडवायच्या. बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू शेवटी. एकाच बॅरलमध्ये सगळं कालवलं तर औषधच जिवाणूंना मारतं. गावात निम्म्या ठिकाणी तसंच चालतं.

आणखी एक अट मीच घातली, पाचट पेटवायचं नाही. प्लेटमध्ये या जिवाणूंना लिटरमागं १० ग्रॅम साखर आयती मिळते, माळावर त्यांनी खायचं काय? पाचट कुजलं आणि शेणखत पडलं तरच काहीतरी पोटात जाईल. आबांनी कुरकुर करत ऐकलं. उंदीर होतात ही त्यांची तक्रार खोटी नाही.

स्फुरद २५ टक्के कमी करायची शिफारस आहे. आबांनी ती अर्ध्या रानातच मानली. उरलेल्या सऱ्यांत बेणेप्रक्रिया नाही आणि डीएपी पूर्वीइतकाच. पूर्वहंगामी लागण आहे, तोडायला अजून अवकाश आहे. दोन्ही भागांचा ऊस वेगवेगळ्या ट्रॉलीत भरायचा, म्हणजे कारखान्याच्या वजनपावत्या वेगळ्या मिळतील, असं ठरलंय. टोळीचा मुकादम एवढ्याशा रानासाठी दोन ट्रॉल्या लावायला कां-कूं करणार. त्याच्याशी आबाच बोलणार आहेत.