साप धरायला हूक कशाला? हातानं धरता येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आणि सगळं एकदम लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

प्रश्न एकच, पण दोन बाजूंनी येतो. इथे देवगडच्या सड्यावर, चिरेखाणीत, कलमांच्या बागेत जनावर, म्हणजे साप, निघालं की मला फोन येतो, मी पोचते, गाडीला बांधलेला हूक, म्हणजे टोकाला बाक दिलेली लोखंडी काठी, सोडायला लागले की गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, "गो बाय, काठयेन कित्याक धरतंस? हातान धर मगे." दुसरीकडे शहरातली मुलं, ज्यांच्याकडे काचेच्या पेटीत पाळलेला साप असतो, ती म्हणतात की ताई, रानातल्या सापाला ठीक आहे, आमचा तर माणसाळलेला आहे, त्याला कशाला लोखंड लावायचं. माझा सख्खा भाचा पुण्यात बॉल पायथन जातीचा छोटा अजगर पाळतो, त्याचंही हेच. वर म्हणतो, "आत्या, तुला भीती वाटते म्हणून तू हूक वापरतेस." तोंडावर कुणी म्हणत नाही पण पाठीमागे तिसरं वाक्य असतंच, बाईमाणूस आहे म्हणून.

भीती वाटते. घोणस समोर असली की वाटते, फुरसं असलं की जास्त वाटते कारण ते दिसतच नाही, चिऱ्याच्या मातीचाच रंग त्याचा. पण भीतीचं आणि हूकचं नातं तुम्ही समजता तसं नाही. नुसती भीतीच असती तर रात्री दोन वाजता गाडी काढून मी गेलेच नसते.

सापाच्या बाजूनं बघा जरा. त्याच्या आयुष्यात वरून येऊन अंगाभोवती आवळलं जाणारं जे काही असतं ते त्याला खायलाच आलेलं असतं, घार, मुंगूस, मोर. माणसाचा हात तसाच येतो, वरून, गरम, आवळत. हूक खालून जातो, थंड असतो, आवळत नाही. नीट सरकवला तर घोणस त्यावर फांदीवर टेकल्यासारखी पडून राहते. तिचा जाड, सुस्त देह त्याला सोयीचाच आहे. अंगाच्या पुढच्या एक तृतीयांश भागाखाली एक हूक, मागे दुसरा हूक, नाहीतर शेपटीला आधार, आणि जमिनीपासून वीतभरच वर, म्हणजे निसटली तरी पडून दुखापत नको. तिथून पिशवी लावलेल्या पाइपाच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. समोर काळोखं भोक दिसलं की बहुतेक साप आपणहून आत जातात, हूकनं फक्त मागून रस्ता बंद ठेवायचा. मान दाबायची वेळच येत नाही. फुरशाला तर हात लावण्याचा प्रश्नच नाही, लहान हूक आणि झाकणाची बरणी, बास. दगड उलटायचा तोही हूकनं, पलीकडची कड उचलून आपल्याकडे, म्हणजे दगड मध्ये राहतो.

तो बाजारात मिळणारा चिमटा मात्र मला दाखवू पण नका. लांबून दाबला की हाताला जोर कळत नाही आणि सापाच्या बरगड्या जातात. वरून काही दिसत नाही, साप सोडला की सगळे खूश होऊन घरी जातात आणि तो आत कुठेतरी मरतो.

आता पाळलेल्यांचं. आधी एक गोष्ट, माझ्या घरी एकही साप नाही आणि नसणार. आपल्या इथले बहुतेक साप १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, पाळणं सोडाच, पकडून दोन दिवस शाळेत दाखवायला ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. वनखात्याला कळवायचं आणि जवळच्या जागी सोडायचं. भाच्याचा आहे तो आफ्रिकेतला, त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, २०२४ च्या नियमांनी ती करावीच लागते. मला परदेशी साप घरात ठेवणं पटत नाही, तो वाद आमच्यात वेगळा चालू असतो. पण ठेवलाच आहे तर नीट हाताळा एवढं तरी म्हणेन.

तर त्याचं झालं असं की तो पेटी उघडायचा तेव्हा बहुतेक वेळा हातात उंदीर असायचा. साप शिकला की झाकण उघडलं म्हणजे जेवण. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, नजर त्या मानानं बेताची, त्यामुळे काळोखात आत येणारी गरम वस्तू म्हणजे उंदीरच, त्यात बोटांना उंदराचा वास. चावला. विषारी नाही, पण मागे वळलेले दात रुतले आणि ह्यानं घाबरून हात ओढला, त्यात जखम वाढली. मला फोन करून म्हणतो, "आत्या, तो बदललाय." अरे तो कशाला बदलेल!

पाळलेल्या सापाला हूक लागतो तो मुख्यतः हे सांगायला की आज जेवण नाही. पेटी उघडली की आधी हूकच्या पाठीनं अंगाच्या मधल्या भागाला हलकंच शिवायचं, टोचायचं नाही. जेवणाच्या तयारीतला साप मान इंग्रजी एससारखी करून बसलेला असतो, तो शिवल्यावर सैल होतो, मान मागे घेतो. मग पुढच्या भागाखाली हूक घालून थोडं उचलायचं, आणि तो पेटीबाहेर आला की दुसऱ्या हातानं सगळं अंग तोलायचं, पुढे हातातच घ्या हवं तर. जेवणाच्या दिवशी हूक आत न्यायचाच नाही. काही आठवड्यांत त्याला फरक कळतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका, गिळलेलं ओकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात तेव्हाही नको, त्याला नीट दिसत नसतं. भीतीनं चेंडूसारखा गोळा झाला तर उलगडायला जाऊ नका. आणि हूक रुंद, चपट्या बाकाचा, टोक घासून गोल केलेला घ्या, बारीक सळीवर दीड-दोन किलोचा साप उचलला तर सगळा भार दोन-तीन बरगड्यांवर येतो. माझे हूक मी कणकवलीत फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेते, उभं राहून, कड कुठे बोचत नाही ना ते स्वतःच्या दंडावर घासून बघत.

हे सगळं शांतपणे सांगता येतं मला. पण गर्दीतून "हातान धर" आलं की माझा आवाज चढतो, लोक म्हणतात हिला राग लवकर येतो. तो का येतो ते आजवर सांगितलं नव्हतं.

शेजारच्या वाडीत एक दादा आहे. नाव लिहीत नाही. मी साप धरायला शिकले ते त्याच्या मागे फिरून, आणि तो हातानं धरायचा. काय धरायचा! नागाच्या शेपटीला हात घालून असा उभा राहायचा की नागाला आपण धरले गेलोय हे कळायचंच नाही. मलाही तेव्हा वाटायचं की हेच खरं. हाताला सापाचा प्रत्येक स्नायू कळतो, तो वळायच्या आधी कळतं, लोखंडातून काय कळणार? असं मी दुसऱ्यांना ऐकवलेलं आहे, आणि त्यात खोटं काही नाही, आजही सांगते.

डिसेंबर होता, भात झोडून झालेलं, खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी, तिच्याखाली घोणस. चार फूट असेल, चांगली भरलेली. थंडीत त्यांचा मिलनाचा काळ, तेव्हा फार दिसतात. मी तोवर हूक वापरायला लागले होते. मी पुढे केला. दादानं हातानं बाजूला सारला आणि काठीनं मान दाबून, डोक्यामागे धरून ती उचलली. सुरेख धरली, खोटं कशाला बोलू. तोवर सगळी वाडी जमलेली, मोबाईल वर, कुणी म्हणतंय इकडे तोंड करा, कुणाच्या तरी पोराला शेजारी उभं करतायत. दादा उभा राहिला. घोणशीचे दात लांब असतात, दुमडून ठेवलेले, आणि डावा-उजवा वेगवेगळा हलवता येतो तिला. मान पक्की धरली म्हणजे तोंड बंद झालं असं नसतं. तिनं जबडा वाकडा केला, एक दात बाजूनं काढला आणि अंगठ्याच्या कडेला लावला. ओरडला नाही तो. आधी तिला पिशवीत घातलं, पिशवी बांधली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लागलं गो."

अंगठी काढली, आवळून काही बांधू दिलं नाही कुणाला, त्याला चालूही दिलं नाही, दोघांच्या मध्ये गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरकी करून बघतात. गोठलं असेल तर बरं. मी त्या नळीकडे बघत बसले होते. तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू झालं, थोड्या वेळानं हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हात कोपरापर्यंत सुजला, लघवी लाल आणि मग होईचना. १०८ मधून कोल्हापूर. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलातून तो रस्ता जातो, दिवसा तुम्ही फोटो काढत जाता, त्या रात्री तो संपतच नव्हता. पुढे कित्येक दिवस डायलिसिस. दादा वाचला. अंगठ्याचं मांस काढावं लागलं, अंगठा आता वळत नाही.

तिथे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वहिनी मला म्हणाली, "तू होतीस ना थंय? मग तुझी काठी खंय होती?"

सगळे विचारतात हूक कशाला, ती एकटी विचारत होती की हूक कुठे होता. मी पुढे केला होता हे मी तिला सांगितलं नाही. सांगून काय, नवऱ्याचीच तक्रार केल्यासारखं झालं असतं. पण तेव्हापासून मी साप धरायला गेले की "हातान धर" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या जागी मला ती दिसते आणि माझा आवाज चढतो. आता कळलं असेल.

पण दादाचं म्हणणं वेगळं आहे, आणि तेही मांडायला हवं. तो म्हणतो, धरताना काही झालं नाही, धरून उभा राहिलो तिथे झालं. दोष गर्दीला दे, फोटोला दे, हाताला का देतेस? तुझ्या हूकवर असती तरी लोकांनी फोटो मागितलेच असते. आणि तमिळनाडूतल्या साप धरणाऱ्या इरुळा आदिवासींचं उदाहरण देतो. चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था आहे १९७८ पासूनची, आपल्याकडे एएसव्हीला लागणारं बरंचसं विष तिथून येतं, दादाला चढवलेलं औषधही बहुतेक त्याच विषापासूनचं, आणि विष काढताना ते हातानंच मान धरतात. मी म्हणते, अरे पण साप ठेवलेल्या मडक्यातून घोणस बाहेर काढतात ती हूकवर, मान धरतात ती गरज असते तेवढीच आणि तिथे कुणाचं पोर शेजारी उभं नसतं. तो म्हणतो, तेच तर सांगतोय, गर्दी नव्हती. इथे मी अडकते. कारण नवीन मुलं चकचकीत हूक मागवतात, त्यावर घोणस कमरेएवढी उचलून रील करतात, ती सरकते, पायाशी पडते. हूक हातात असूनही. म्हणजे दादा अगदी चूक नाही.

आणि हूक प्रत्येकाला चालतही नाही. धामण त्यावर क्षणभर टिकत नाही, तिला मी शेपटीनंच धरते, चावते कधीकधी, चावू दे. मण्यार गुळगुळीत, झटके देत निसटते. मोठ्या अजगराला नुसत्या हूकवर उचलणं म्हणजे त्याच्या अंगाचं वाटोळं, तिथे दोन-तीन माणसंच हवीत, हूक फक्त डोकं वळवायला.

सगळ्यात वाईट म्हणजे जाळं. जुनी मासेमारीची नायलॉन जाळी आपल्याकडे परसबागेला कुंपण म्हणून लावतात, पावसाळ्यात त्यात साप अडकतात, जितका ओढतो तितका फास रुततो. हूक तिथे काही कामाचा नाही. डोकं पारदर्शक नळीत घेऊन जाळं कापायचं ही पद्धत, पण फास मानेलाच असला तर नळी पुढे जात नाही. तेव्हा मी डोक्यामागे हातानं धरते, नाग असला तरी, आणि कुणाला तरी कात्री चालवायला सांगते. आधी सगळ्यांना लांब पाठवते, मोबाईल खिशात घालायला लावते, तरी धरते हातानंच. दादाला हे माहितेय, तो ह्यावरून मला गप्प करतो. भाच्याला अजून माहीत नाही. हे वाचलं की त्याचा फोन येईलच, की आत्या, मग मला कशाला सांगतेस. त्याला सांगेन की तुझ्या पेटीत जाळं नाहीये.